सहा इंच उतार

खराडीतल्या गेनबाच्या बंगल्यात झोपायच्या खोल्या सात होत्या, आणि गेनबा त्यातल्या एकीतही झोपत नव्हता. गेले तीन महिने तो दिवाणखान्यातल्या सोफ्यावर बसून रात्र काढत होता. पाठीला उशी, हाताशी तांब्या, अंगावर शाल. आडवं झालं की पाच मिनिटांत छातीच्या मधोमध जाळ उठायचा, वर वर चढायचा आणि आंबट पाण्याची गुळणी तोंडात टाकून माघारी जायचा. उठून बसलं की शांत. पुन्हा आडवं झालं की पुन्हा तेच.

ज्या माणसाने उभी हयात खळ्यावर, बांधावर, बैलगाडीच्या साट्यावर पाठ टेकता क्षणी घोरायला सुरुवात केली, त्याला सहासष्टाव्या वर्षी कापसाच्या गादीवर झोप मिळेना. रस्त्यापलीकडे त्याच्याच ज्वारीच्या रानात काचेची इमारत उभी होती. तिच्यात रात्रभर दिवे जळायचे आणि पोरं-पोरी जागत बसायची. त्यांच्याकडे बघत गेनबाही जागायचा. फरक एवढाच, की त्यांचं जागरण पगारी होतं.

गाव महानगरपालिकेत जाऊन बरीच वर्षं झाली, पण गावाचं तोंड अजून ग्रामपंचायतीतच होतं. "अण्णा सोफा सोडत न्हाईत म्हणं. खाली काय तरी पुरलेलं असंल," असं लोक बोलायला लागले.

बायकोचा, सोजरबाईचा, तर आजारावर विश्वासच नव्हता. "मला न्हाय कधी जळत ते," ती म्हणायची. "तेच अन्न, तेच तेल. माझ्या पोटात दगड पचत्यात, आन् तुमाला वरणभात टोचतोय व्हय? कौतुक करून घ्यायचं वय हाय का आता?"

जळतंय हे दाखवायला जखम नव्हती, ताप नव्हता, सूज नव्हती. दात दुखला तर गाल तरी सुजतो.

शेवटी मुलगा संभाजी त्याला दवाखान्यात न्यायला निघाला. संभाजी बांधकामाच्या धंद्यात होता. त्याच्या मनात दारात कारंजं असलेलं मोठं हॉस्पिटल होतं. पण गेनबाने बुधवार पेठेतल्या डॉक्टर श्यामसुंदरांचा हेका धरला. विजेच्या सामानाच्या दुकानावरचा अरुंद जिना, वर दोन बाकं, आत एक टेबल. या डॉक्टरांनी गेनबाच्या घरातली दोन बाळंतपणं आणि एक विंचू निभावला होता.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"जळतंय."

"कधी?"

"आडवा झालो की."

"रात्री जेवता किती वाजता?"

"कंचं जेवण?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "रात्रीचं. लोक साधारणपणे एकच जेवतात."

"घरचं साडेधाला. त्येच्या आदी कार्यक्रमाचं."

"कसला कार्यक्रम?"

"रोज येगळा. काल साखरपुडा झाला. परवा वास्तुशांत. त्येच्या आदल्या दिशी एकाच्या गाडीचा वाढदिवस."

"गाडीचा?"

"वरीस झालं तिला."

"दोन्हीकडे जेवता?"

"भाईर न्हाय जेवलं तर लोकं रुसत्यात. घरी न्हाय जेवलं तर ही रुसती."

"आणि जेवण झालं की?"

"झोपायचं. दुसरं काय काम ऱ्हायलंय?"

"अहो, आपल्याला रोग नाही. आपल्याला निमंत्रणं आहेत," डॉक्टर म्हणाले आणि लिहायला लागले. "पोट आणि अन्ननळी यांच्यामध्ये एक झडप असते. आपली सैल झालीय. तोंडापर्यंत भरलेली घागर आडवी केली तर काय होईल?"

"सांडंल."

"समजलं ना? मग ऐका. सात वाजता जेवायचं, थोडं. दहाच्या आत आडवं व्हायचं नाही. तळलेलं, तिखट रस्सा, तंबाखू, रात्रीचा चहा, सगळं बंद. झोपताना डाव्या कुशीवर. आणि पलंगाची डोक्याकडची बाजू सहा इंच वर घ्यायची. दोन पायांखाली विटा ठेवा. उशांचा ढीग नको, त्याने पोट दुमडतं आणि जास्त वर येतं. ही गोळी सकाळी उपाशीपोटी."

"झालं? येवढंच?" संभाजीचा चेहरा पडला. विटा हे काही औषध म्हणून सांगण्यासारखं नव्हतं.

"एवढं महिनाभर करा. नाही उतार पडला तर मग घशातून नळी घालून आत कॅमेऱ्याने बघावं लागेल."

गेनबा उठून उभाच राहिला. मळ्यातल्या बोअरमध्ये मोटार अडकली होती तेव्हा असाच कॅमेरा आत सोडला होता. मोटार काही निघाली नाही. शेवटी बोअर बुजवावं लागलं. जिना उतरताना त्याने मनाशी ठरवलं, महिन्याच्या आत पलंगावर झोपून दाखवायचं. नळी काही घालून घ्यायची नाही.

घरी आल्या आल्या तो वीट शोधायला गेला. बंगल्याच्या आवारात वीट नव्हती. संभाजीच्या साइटवर गेला, तिथेही नव्हती. आता भिंतींना पांढरे हलके ठोकळे वापरायचे, विटेचं काम कधीच बंद झालं होतं. शेवटी ओढ्याकडच्या पडक्या गोठ्यातून त्याने दोन विटा उपसल्या, बगलेत मारल्या आणि घरात आणल्या. संभाजी दारातच आडवा आला.

"अण्णा, हे काय? बेडरूममध्ये विटा?"

"डॉक्टरनं सांगितलं, तू हुतास की."

"अहो, डॉक्टर पेठेतले. त्यांच्याकडे लोखंडी कॉट असेल. आपला बेड सागवानी आहे. लोक बंगला बघायला येतात. बिल्डरच्या घरात पलंगाखाली विटा दिसल्या तर काय म्हणतील? काम अर्धवट सोडतोय म्हणतील. माझी बुकिंगं कोण करेल?"

खरी अडचण वेगळीच निघाली. विटा ठेवायच्या तर पलंगाला पाय पाहिजेत. तो पलंग म्हणजे एक मोठी पेटीच होती, चारही बाजूंनी जमिनीला टेकलेली. आत लग्नातली भांडी, बारा गोधड्या आणि कुणाच्या तरी बारशाचा न वाटलेला आहेर. डोक्याकडचं नक्षीदार फळकूट भिंतीला पक्कं ठोकलेलं. पलंग उचलायचा तर भिंत उचलावी लागली असती.

"पलंग वर होत नसेल तर जमीन वर करू," संभाजी म्हणाला. "आपला धंदाच आहे तो. परफेक्ट स्लोप काढू, सहा इंच. वर इटालियन मार्बल. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"अरं, दोन विटांचं काम…"

"अण्णा, टेन्शन नका घेऊ. तुम्ही फक्त झोपायचं."

जमिनीला हात लावायचा म्हणजे आधी वास्तूवाल्याला विचारणं आलं. वाघोलीहून एक वास्तुतज्ज्ञ आला. होकायंत्र खोलीच्या मध्यावर ठेवून तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "डोकं दक्षिणेला पाहिजे." पलंगाचं डोकं आधीच दक्षिणेच्या भिंतीला होतं. ते तिथेच राहावं एवढंच सांगायला तो वाघोलीहून आला होता. पण त्याने सांगितल्यामुळे ते आता शास्त्रोक्त झालं.

भैरू मिस्त्रीला बोलावलं. भैरूने तीस वर्षं फरश्या बसवल्या होत्या आणि त्याच्या हाताखालच्या एकाही मोरीत पाणी तुंबलं नव्हतं, अशी त्याची ख्याती. संभाजी फोनवर बोलत बोलतच त्याला म्हणाला, "पलंगाच्या जागेपुरता ओटा. सहा इंच उतार. लेव्हल चोख पाहिजे." भैरूने मान हलवली आणि पलंग सुटा करून बाहेर काढला.

काम चार दिवसांचं होतं, ते बावीस दिवस चाललं. संगमरवर आला तो वेगळ्या रंगाचा आला, परत गेला, पुन्हा आला. गेनबा सोफ्यावर बसून महिन्यातला एकेक दिवस जाताना बघत होता.

निदान जेवणाचं तरी पाळावं म्हणून एके दिवशी दिवेलागणीला तो स्वयंपाकघरात पाटावर जाऊन बसला. "वाढ," म्हणाला.

सोजरबाईने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "सात वाजता? एकट्यालाच? पोरगं यायचंय अजून. घरातला कर्ता बाप्या येगळा जेवाय बसला तर लोकं काय म्हणतील ठावं हाय ना? वाटण्या झाल्या म्हणतील. उद्या तुमची भावकी ईल दारात, कुनाच्या वाट्याला काय आलं म्हणून इचाराय."

"मला नळी घालणारंय, सोजर."

"कुनी घालत न्हाय नळी. बडीशेप खावा."

तरी तिने अर्धी भाकरी आणि दुधी वाढला. गेनबाने तो पोटात ढकलला आणि मोठ्या आशेने दहापर्यंत जागा राहिला. साडेदहाला संभाजी आला, सगळ्यांची पानं मांडली गेली, आणि बापाचं ताट रिकामं कसं ठेवायचं म्हणून सोजरबाईने त्याला पुन्हा वाढलं. नाही म्हणावं तर तिचा चेहरा बघवेना. त्या रात्री जाळ दुप्पट आला.

पंचविसाव्या दिवशी ओटा तयार झाला. पलंग पुन्हा जागेवर बसला, फळकूट भिंतीला ठोकलं गेलं. गेनबाला वाटलं, आता अंथरूण घालायचं आणि झोपायचं. पण त्यांच्या घरात बांधकाम संपलं की पूजा, पूजा झाली की जेवण, आणि जेवण म्हटलं की पाचशे पानं. नुसत्या गोधडीवर झोपण्याची पद्धत घरातून गेली होती.

चौकात फलक लागला. गेनबाचा फेटा बांधलेला फोटो आणि खाली 'आदरणीय अण्णांच्या शयनकक्षाचा शुभारंभ'. डॉक्टरांचा मान राखावा म्हणून पत्रिकेवर संभाजीने मुद्दाम छापून घेतलं होतं, 'भोजन: सायंकाळी ठीक सात वाजता'.

अठ्ठाविसाव्या दिवशी सात वाजता मांडव रिकामा होता. आठ वाजता खुर्च्या भरल्या. नगरसेवक साडेनऊला आले, आणि ते आल्याशिवाय पान वाढायचं नाही हा दंडक. त्यांनी झोपेचं महत्त्व या विषयावर वीस मिनिटं भाषण केलं. पुढच्या रांगेतले दोघेजण त्यांच्या सांगण्याप्रमाणे झोपलेही. मग लोक रांगेने खोलीत जाऊन पलंग बघून आले. "एक नंबर काम," जो तो म्हणाला. नगरसेवकांनी गादीवर हात दाबून बघितला आणि फोटो काढून घेतला.

पंगत बसली तेव्हा सव्वादहा झाले होते. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. सत्काराचा माणूस म्हणून गेनबा मधोमध. त्याने एकच पोळी घेतली आणि पानावर हात आडवा धरला.

"आमच्या हातची न्हाय घ्यायची व्हय अण्णा?" एका भावकीतल्या म्हाताऱ्याने विचारलं. हा तोच भाऊबंद, ज्याच्याशी बांधावरून नऊ वर्षं बोलणं नव्हतं. आज तो आपण होऊन वाढायला उठला होता. सगळी पंगत हातातला घास थांबवून गेनबाच्या पानाकडे बघायला लागली. पोळी नाकारली तर नऊ वर्षं पुढे चालू, घेतली तर रात्रभर सोफा. गेनबाने हात बाजूला घेतला. भाऊबंदाने पोळी ठेवली, वर तुपाची धार सोडली, आणि वैर मिटल्याच्या आनंदात आणखी एक ठेवली.

बायकांची पंगत सगळ्यांत शेवटी. सोजरबाई जेवून उठली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

पाहुणे गेले. गेनबाने पाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा पलंगावर चढला. दक्षिणेला डोकं केलं, डाव्या कुशीवर वळला, डोळे मिटले. पाठ टेकताच त्याच्या तोंडून सुखाचा सुस्कारा निघाला. सुस्काऱ्याच्या मागोमाग पुरणपोळी आली.

असा जाळ त्याने चार महिन्यांत बघितला नव्हता. तो धडपडून उठून बसला. गोळ्यांची डबी हातातून निसटून पलंगाशेजारी उरलेल्या ओट्याच्या पट्टीवर पडली आणि डोक्याच्या बाजूला घरंगळत भिंतीपर्यंत जाऊन थांबली. गेनबाने डबीकडे बघितलं. ती उचलून पायाकडे ठेवली. ती पुन्हा उशीकडे आली.

"संभाज्या!" त्याने हाक मारली.

संभाजी आला. त्यानेही डबी ठेवून बघितली, मग भैरूला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"मिस्त्री, उतार कुठं काढलाय?"

"कुठं म्हंजे? न्हाणीकडं." न्हाणीघर उशीमागच्या भिंतीपलीकडेच होतं. "उतार न्हाणीकडंच काढत्यात की. न्हायतर पाणी तुंबंल."

"अहो, पलंगाखाली कुठलं आलं पाणी?"

मग भैरू आवाज उतरवून म्हणाला, "तुमी चांगला सहा इंच उतार म्हणला तवा मला वाटलं, अण्णांचं वय झालंय. रातचं धरवत नसंल. म्या मुद्दाम इचारलं न्हाय, उगं लाज वाटंल त्यांना."

संभाजीने फोन ठेवला. "अण्णा, उद्या सकाळी फोडून घेतो. मिस्त्रीला आठलाच बोलावतो. वीस दिवसांत पुन्हा…"

"दोन दिस ऱ्हायलंत माझं," गेनबा म्हणाला. "परवा महिना भरतोय."

तो उठला, उशी उचलली आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. उंच टोकाला. सोजरबाईने गोधडी टाकून त्याचा हात धरला.

"अवो! उत्तरंला डोकं? ध्यानावर हाय का? उत्तरंला डोकं मढ्याचं करत्यात!"

"व्हय, ठावं हाय."

"मग?"

"मढ्यांना जळजळ झाल्याची तक्रार अजून कुनी ऐकली न्हाय."

"आई म्हणतीय ते बरोबर आहे अण्णा," संभाजी म्हणाला. "कुणी बघितलं तर…"

"सोफ्यावर बसलेलं चार म्हैनं बघितलं समद्यांनी. आता झोपलेलं बघू दे." गेनबा उत्तरेला डोकं करून आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. घरात ज्याच्या शब्दाला किंमत राहिली नव्हती तो माणूस पहिल्यांदाच कुणाचं न ऐकता झोपला होता. संभाजी दिवा मालवून गेला.

सोजरबाईने कपाळाला हात लावला, यमाला दोन शब्द सुनावले आणि ती आपल्या नेहमीच्या जागी, दक्षिणेला डोकं करून, नवऱ्याच्या पायाशी झोपली. घरात एकाने तरी शास्त्र पाळायला हवं होतं.

गेनबाच्या छातीत थोडं धुमसलं. तो वाट बघत राहिला. जाळ वर चढायला निघाला, निम्म्यात दमला आणि खाली बसला. मग गेनबाला काही आठवलं नाही.

त्याला जाग आली ती कुणीतरी पाय हलवत होतं म्हणून. सोजरबाई अंधारात उठून बसली होती. एक हात छातीवर, दुसरा तोंडावर.

"अवो. अवो, जागं व्हा."

"काय झालं?"

"काय तरी होतंय. हितं. निखारा ठेवल्यावानी. आन् तोंडात आंबट आलंय." "काळजाचं काय न्हाय ना?"

गेनबा उठला. त्याने दिवा लावला, तिला भिंतीला टेकवून ताठ बसवलं, तांब्यातलं पाणी दिलं. "घोट घोट घे. एकदम न्हाय. आता बस. अशीच. आता खाली जाईल बघ."

ती बसली. हळूहळू तिचा हात छातीवरून खाली आला.

"गेलं का?"

"कमी झालं." तिने तांब्या खाली ठेवला. "हे आसं व्हतं व्हय तुमाला?"

"हेच."

"रोज?"

"रोज."

"चार म्हैनं?"

तिने पदराने तोंड पुसलं. "आन् म्या बडीशेप देत व्हते," ती म्हणाली. मग जरा वेळाने, नेहमीच्या आवाजात, "मंग नीट सांगायचं न्हाय का? जळतंय, जळतंय! जळतंय म्हणलं तर मानसाला काय कळतंय?"

"सरक," गेनबा म्हणाला आणि स्वतःच भिंतीकडे सरकला.

सोजरबाईने देवघराच्या दिशेने एकदा बघितलं. मग आपली उशी उचलली, उंच टोकाला नवऱ्याच्या उशीशेजारी ठेवली आणि आडवी झाली. "डाव्या कुशीवर म्हणला व्हता ना त्यो डॉक्टर?"

"डाव्या."

"आन् सात वाजता जेवाय?"

"सात वाजता. पर लोकं म्हणतील वाटण्या झाल्या."

"म्हणू देत. आपुन दोघं एकदम बसू. वाटण्या कशानं व्हत्यात?"

सकाळी आठ वाजता संभाजी भैरूला घेऊन आला. भैरूच्या हातात छिन्नी-हातोडा होता. दार ढकललं आणि संभाजी उंबऱ्यातच थिजला. आई-बाप दोघंही उत्तरेला डोकं करून शेजारी शेजारी निपचित पडले होते. भैरूने हातोडा खाली ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"आई?" संभाजीने पुढे होऊन हाक मारली. "आई!"

सोजरबाईने एक डोळा उघडला. आधी मुलाकडे बघितलं, मग हातोड्याकडे.

"त्यो भाईर ठेव," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आन् वरडू नगंस. तुझा बाप झोपलाय."